पाचवीच्या पेपरातल्या माझ्या चुका

मॅट्रिकला मी इंग्रजीत नापास झालो. पुन्हा बसलो तेव्हा पास झालो, पण किती गुणांनी हे मी घरी कधी नीट सांगितलं नाही. 'निघालो' एवढंच सांगितलं. काटोलला आमच्या घरी सात-आठ संत्र्यांची झाडं आणि थोडी कोरडवाहू जमीन होती. त्यात तिघा भावांचं भागणार नव्हतं, म्हणून मी नोकरीच्या मागे लागलो. गणित चांगलं होतं. त्या बळावर मला नागपूरला तारेच्या कचेरीत कारकुनी मिळाली, आणि माझं अख्खं इंग्रजी ज्या खिडकीवर बसून तयार झालं त्या खिडकीवर मी जाऊन बसलो.

सत्तर सालानंतरची ही गोष्ट. फोन फार थोड्या घरांत होते. निकड असली की माणसं तार करायला येत. अर्ध्या लोकांना मजकूर लिहिता येत नसे. ते खिडकीशी उभे राहून सांगत, "बाबूजी, बहिणीले कळवा, मायची तब्येत लय खराब हाये, असंल तशी निघ म्हना." मी फॉर्मवर लिहायचो, 'मदर सीरियस स्टार्ट इमिजिएटली.' माणूस त्या चार शब्दांकडे असा बघायचा, जणू मी त्याच्या आईला अर्धं बरं करून टाकलं. 'रीच्ड सेफली', 'लेटर फॉलोज', 'डोन्ट वरी' हे शब्द मी डोळे मिटूनही लिहू शकलो असतो. असे शंभर-सव्वाशे शब्द मला येत. दिवसभर तेच उलटसुलट करत बसल्यामुळे आपल्याला इंग्रजी येतं, अशी माझी हळूहळू खात्री झाली.

मी गिरणी कामगारांच्या एका वस्तीत भाड्याने खोली घेऊन राहत होतो. शेजारचं घर दीक्षा घेतलेल्या कुटुंबाचं होतं. घरात शिरलं की समोर बुद्धाची तसबीर आणि तिच्या खालच्या फळीवर मुलांची पुस्तकं. त्या फळीवर दुसरं काही ठेवलं की घरचा मालक ओरडायचा. तो सूतगिरणीत कामाला होता. त्याला तीन मुलं. त्यातली मोठी पोरगी त्या वर्षी पाचवीत गेली होती.

एका रविवारी सकाळी तो माझ्या खोलीशी आला. मी दाढी करत होतो. तो उंबऱ्याबाहेरच उभा राहिला.

"बाबूजी, तुमी तं दिवसभर इंग्रजीच लिवता."

"हो," मी गालाचा फेस पुसत म्हणालो.

"माह्या पोरीले शाळेत इंग्रजी चालू झालं. मले येत नाई, तिच्या मायले येत नाई. परीक्षेत असं-असं विचारतात म्हने, मधली जागा भरा, उलटा शब्द सांगा. सकाऊन अर्धा तास सांगसान का तिले?"

त्या वेळी मी म्हणायला हवं होतं, "भाऊ, मी एकदा नापास झालो आहे." त्याऐवजी मी म्हणालो, "पाठवून द्या. पाचवीचंच आहे ना." त्या 'पाचवीचंच' शब्दाची मला पुढे फार लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती आली. बारीक, काळीसावळी, अकरा वर्षांची. तिच्याबरोबर तिच्याच वर्गातली आणखी दोन पोरं होती. आठ दिवसांत पाच झाली. माझ्या खोलीपुढे पत्र्याची छपरी होती, तिथे मी सतरंजी अंथरली. कचेरीतून रद्द झालेले फॉर्म आणले. त्यांच्या कोऱ्या पाठीवर पोरं लिहीत. मी स्वतःसाठी लाल शाईचं पेन विकत घेतलं. पहिल्या दिवशी एकाने मला 'भाऊ' म्हटलं, तेव्हा मी खुर्चीवर सरळ बसून सांगितलं, "इथे मला सर म्हणायचं." शिवाय मी बोलायचोही पुस्तकातल्यासारखं. एरवी मी 'मले' आणि 'तुले' म्हणणारा माणूस. छपरीत बसलो की 'मला' आणि 'तुला' व्हायचं. एकदा चहावाल्याने हाक मारली आणि मी "येऊन राहिलो गा" म्हणून ओरडलो, तेव्हा पाचही पोरं खाली मान घालून हसली.

शिकवायचं काय, तर परीक्षेत येणारे प्रश्न. पोरांनी आदल्या वर्षीचा एक पेपर कुठून तरी मिळवला होता. त्यात पहिलाच प्रश्न होता, गाळलेल्या जागी 'अ', 'ॲन' किंवा 'द' लिहा. तो मी दोनदा वाचला. तारेच्या मजकुरात हे तिन्ही शब्द नसतात. शब्दागणिक पैसे पडतात, तिथे 'द' कोण घालणार? मी तर लोकांनी घातलेले 'द' खोडून त्यांचे पैसे वाचवायचो आणि ते मला दुवा देत.

पण सरांना माहीत नाही असं कसं चालेल? मी रात्रभर आठवून पाहिलं. इंग्रजी पुस्तकात 'द सन' असतं, 'द मून' असतं, 'द किंग', 'द प्राइम मिनिस्टर' असतं. मला एकदम उलगडा झाला. ही सगळी मोठी माणसं आणि मोठ्या वस्तू. म्हणजे आपण जसं नावापुढे 'जी' किंवा 'साहेब' लावतो, तसा इंग्रज लोक आधी 'द' लावतात! मला इतका आनंद झाला, जणू मी एखादं शास्त्रच शोधून काढलं.

सकाळी मी नियम सांगितला. "ज्याला मान द्यायचा त्याला द. राजा, मंत्री, डॉक्टर, शिक्षक, यांना द. बाकी चपराशी, नोकर, चोर, कुत्रा, यांना अ."

पोरांनी भराभर उतरवून घेतलं. एका पोराने विचारलं, "सर, संत्र्याले?"

"संत्र्याला द," मी म्हणालो. काटोलच्या माणसाकडून दुसरं उत्तर येणं शक्यच नव्हतं.

शेजारची पोरगी लिहायची थांबली होती. पेपरात एक वाक्य होतं, 'माय फादर इज' मग कोरी जागा, मग 'वर्कर'.

"सर, इथं?"

"वर्कर म्हणजे कामगार. अ लिही."

"काहून?"

"मी आत्ताच सांगितलं ना."

"डॉक्टरले द आन माह्या बाबाले अ. काहून?"

भिंतीपलीकडे तिचा बाप रात्रपाळी करून झोपला होता. मला त्याचा खोकला ऐकू आला. मी लाल पेनचं टोपण लावलं, काढलं, पुन्हा लावलं. शेवटी म्हणालो, "बरोबर आहे तुझं. वडील कोणीही असले तरी द. लिहून घ्या सगळ्यांनी." सगळ्यांनी लिहून घेतलं. तिनं 'द' मोठ्या अक्षरात लिहिला.

उलट्या शब्दांत मी असाच पराक्रम केला. 'हॉट'चं 'कोल्ड' आणि 'बिग'चं 'स्मॉल' इथपर्यंत ठीक होतं. 'स्टार्ट'चा उलटा शब्द मी सांगितला 'रीच'. माझ्या खिडकीवर माणसं एक तर निघत होती, नाही तर पोचत होती. तिसरं काही मी पाहिलेलं नव्हतं.

"सर, बाईनं 'स्टॉप' सांगतलं," ती म्हणाली.

"स्टॉप म्हणजे थांबणे. निघालेला माणूस वाटेत थांबून कसं चालेल? पोचायला नको?"

तिला पटलं नाही, पण तिनं उतरवून घेतलं.

आणि शेवटचा प्रश्न, आपल्या घराविषयी तीन वाक्यं लिहा. यात मला काहीच अडचण आली नाही. घराच्या खुशालीचे मजकूर मी रोज लिहीत होतो. मी पाचही जणांकडून पाठ करून घेतलं, 'फादर इज वेल. मदर इज वेल. डोन्ट वरी.' पोरं एका सुरात म्हणायची, तेव्हा येणारेजाणारे थांबून ऐकायचे. शेजारचा बाप तर एकदा डोळे पुसत म्हणाला, "बाबूजी, साहेबाच्या पोट्ट्यावानी बोलून राहिले हो."

सहामाहीचा पेपर झाला त्या दिवशी पोरं धावतच माझ्याकडे आली.

"सर, सगळं आलं! तुमी सांगतलं तेच आलं!"

खरंच तेच आलं होतं. 'माय फादर' होता, 'टीचर' होती, संत्रं होतं, चोर होता, 'स्टार्ट'ही होतं. घराविषयीची तीन वाक्यंही होती. मी सगळ्यांना पोहे खाऊ घातले. कचेरीत शेजारच्या खिडकीवरच्या कारकुनाला म्हणालो, "शिकवण्याची एक हातोटी असते. ती मुळातच असावी लागते." तो बिचारा 'हो' म्हणाला.

आठ-दहा दिवसांनी एका सकाळी छपरीत कोणीच आलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मी सतरंजी अंथरून, खुर्चीवर बसून वाट पाहिली. तिसऱ्या दिवशी पोरीचा बाप आला. या वेळी तो आत आला आणि पलंगाच्या कडेवर बसला.

"बाबूजी, शाळेतून बोलावणं आलं होतं. पोट्ट्यायनं नक्कल केली म्हनतात."

"नक्कल?"

"पाची जनाचे पेपर जवळजवळ सारखेच हायेत म्हने. बरोबर असते तं बाईनं सोडून बी देल्लं असतं. पन चुका बी सारख्याच. शब्दाले शब्द. सगळ्यायले शून्य देल्लं. माह्या पोरीपासून बाकीच्यायनं पाहून लिवलं असं बाईचं म्हननं हाये, काहून का ते पुढं बसते. दोन दिवस झाले, वर्गाबाहेर उभी हाये."

मला उमगायला थोडा वेळ लागला. चुका? मी विचारलं, "ती काय म्हणते?"

"काईच म्हनत नाई ना! बाईनं इचारलं, मी इचारलं, तिच्या मायनं इचारलं. तोंडच उघडत नाई. तुमी तिले सांगा, कोनं कोनाचं पाहून लिवलं ते सांगून दे म्हना."

आता इथे मी काय केलं ते सांगताना आजही माझी मान खाली जाते. मी म्हणालो, "शाळेचा मामला आहे. त्यात मी बाहेरचा माणूस काय बोलणार?" आणि ड्यूटीला उशीर होतो म्हणून सायकल काढली.

त्या दिवशी खिडकीवर मी कितीतरी तारा चुकीच्या मोजल्या. एका म्हाताऱ्याने पोराला तार करायची म्हणून सांगितलं, "लिवा, इथं सगळं ठीक हाये, काळजी नको करू." मी 'डोन्ट' लिहिलं आणि माझा हात तिथेच थांबला. पाच पेपर, पाचांच्या शेवटी 'डोन्ट वरी'. तपासणाऱ्या बाईंना ते पाच वेळा वाचून काय वाटलं असेल, ते मला तिथे खिडकीत बसून पहिल्यांदा दिसलं. म्हातारा म्हणाला, "काय झालं बाबूजी? स्पेलिंग इसरले का?"

दुसऱ्या दिवशी मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. टेरिलिनचा शर्ट घातला. बगलेत इंग्रजी-मराठी शब्दकोश घेतला. तो मी वापरायचो कमी आणि टेबलावर ठेवायचो जास्त. वाटेत सायकलवर मी एक वाक्य घोकत होतो. शाळेतल्या बाईंवर छाप पडावी म्हणून मी सुरुवात इंग्रजीत करणार होतो. चुका कबूल करायच्या, हे त्या वेळी माझ्या मनात पक्कं नव्हतं. कदाचित बाईंचंच चुकलं असेल, अशी मला अजून बारीकशी आशा होती.

शाळा दोन मजल्यांची, रंग उडालेली. मधली सुट्टी होती. पाचवीच्या वर्गाबाहेर ती पोरगी भिंतीला टेकून उभी होती. मला पाहून ती दचकली आणि तिनं मान हलवून 'नका जाऊ' अशी खूण केली. मी तिच्याकडे न पाहता आत शिरलो.

बाई पन्नाशीच्या, चष्मा लावलेल्या. डबा खात होत्या. मी दारातून म्हणालो, "गुड आफ्टरनून मॅडम. आय रीच्ड रिगार्डिंग फाइव्ह पेपर्स."

बाईंनी घास खाली ठेवला, माझ्याकडे नीट पाहिलं आणि शुद्ध मराठीत म्हणाल्या, "बसा. तुम्ही त्या मुलांना शिकवता का?"

पुढे त्यांनी इंग्रजीचा एक शब्दही उच्चारला नाही आणि मीही नाही. मी बेंचवर बसलो. पाचवीच्या मुलांचा बेंच, गुडघे वर येत होते. म्हणालो, "मुलांनी नक्कल केली नाही. मी त्यांना तसं शिकवलं."

"कसं?"

मी त्यांना मानाचा नियम समजावून सांगितला. सांगता सांगता मला जोर चढला. "आता बघा, वडिलांना द लावला यात काय चुकलं? उलट संस्कार दिसतात."

बाईंनी कपाटातून पाच पेपर काढले, वरचा उघडला आणि वाचला. "इथे चोराला अ लावलाय."

"चोराला कशाला मान द्यायचा?"

"ते एवढंच बरोबर आहे," बाई म्हणाल्या. मग चष्मा काढून पदराने पुसायला लागल्या. पुसायला फार वेळ लागला. त्या हसू दाबत होत्या, हे मला नंतर कळलं.

"असं करा," त्या म्हणाल्या. "तुम्ही म्हणता, पण मुख्याध्यापकांना मला काहीतरी दाखवावं लागेल. हा कोरा पेपर घ्या. इथेच बसून सोडवा. शब्दकोश माझ्याकडे द्या."

मी पाचवीचा पेपर सोडवला. भिंतीवर घड्याळ होतं, खडूचा वास येत होता आणि खिडकीच्या गजांना पोरं लोंबकळत होती. "मोठा मानूस परीक्षेले बसला!" अशी आरोळी मला ऐकू आली. खिडकीत माझी चार पोरंही होती. पाचवी, म्हणजे शेजारची पोरगी, दाराशी उभी राहून माझ्या हाताकडे बघत होती. 'स्टार्ट'चा उलटा शब्द लिहिताना मी थांबलो. तिनं ओठ हलवले. 'स्टॉप' असं ती म्हणत होती हे मला स्पष्ट दिसलं. पण इतका मोठा माणूस पोरीकडून उत्तर घेणार? आणि तेही नक्कल झाली नाही हे दाखवायला बसलेला? मी 'रीच' लिहिलं. शेवटी तीन वाक्यं लिहिली. 'डोन्ट वरी'सुद्धा लिहिलं, कारण दुसरं मला काही येतच नव्हतं.

बाईंनी पेपर तपासला. लाल पेन्सिल सरासर फिरत होती. मग त्यांनी पाच पेपर टेबलावर ओळीने मांडले आणि सहावा, माझा, शेवटी ठेवला.

"झालं," त्या म्हणाल्या. "नक्कल नाही. सहाही जणांचं मूळ एकच आहे."

"किती गुण पडले?" मला राहवलं नाही.

"पन्नासपैकी सतरा."

"आणि त्यांना?"

"चौघांना अठरा, एकोणीस असे. हिला एकवीस. हिनं 'स्टॉप' लिहिलंय, आणि अनेकवचनाची दोन उत्तरं वर्गात मी सांगितली तशी लिहिली आहेत." म्हणजे मी सहाव्या नंबरावर होतो, माझ्याच पोरांच्या मागे.

बाई उठल्या, दाराशी गेल्या आणि पोरीला म्हणाल्या, "आत ये. माझी चूक झाली. तू तेव्हाच सांगितलं का नाहीस?" पोरगी माझ्याकडे पाहत आत आली. बाईंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि तिला जाग्यावर बसायला सांगितलं. मग माझ्याकडे वळल्या. "द म्हणजे मान नव्हे हो. द म्हणजे तोच तो, ज्याच्याविषयी आधी बोलणं झालंय तो. कुठलाही एक असेल तर अ. मग तो राजा असो की कामगार." त्यांनी खडू घेऊन फळ्यावर चार वाक्यं लिहिली आणि मला वाचायला लावली. मी वाचली. मला ते समजलं आणि इतकं सोपं होतं याचाच राग आला.

"मलाही हे प्रशिक्षणाला गेले तेव्हा उमगलं," त्या म्हणाल्या. "पाचवीला इंग्रजी आलं तेव्हा आम्हाला तरी कोणाला येत होतं? तुम्ही शिकवणं सोडू नका. शनिवारी शाळा लवकर सुटते, तेव्हा अर्धा तास या. पुढच्या आठवड्याचं मी सांगत जाईन. फक्त एक करा. येत नाही तिथे येत नाही म्हणा."

शाळा सुटल्यावर मी सायकल हातात धरून चालत निघालो. पोरगी बरोबर होती. मग मी विचारलं, "काहून नाई सांगतलं गं, माह्यं नाव?" पुस्तकी भाषा त्या दिवशी शाळेतच राहून गेली होती.

ती दप्तर या खांद्यावरून त्या खांद्यावर घेत म्हणाली, "सांगतलं असतं तं बाबानं शिकवणी बंद केली असती. मंग कोनाकडं जायचं? दुसरं कोनाले येतेच नाई आपल्या इकडं."

"मले बी तं येत नाई."

"थोडं येते," ती म्हणाली.

पुढे थोडं चालल्यावर म्हणाली, "मले माहीत होतं 'रीच' चूक हाये ते. पन तुमी लाल पेननं लिवलं होतं, म्हून बाकीच्यायले सांगतलं नाई."

घरी गेल्यावर मी तिच्या बापाला सगळं सांगितलं. मॅट्रिकचंही सांगितलं. तो ऐकून घेत राहिला. मला वाटलं, आता चिडणार. त्याने एकदम विचारलं, "म्हंजे माह्या पोरीले तुमच्यापेक्षा जास्त मार्क पडले?"

"चार जास्त."

तो आत गेला आणि बायकोला म्हणाला, "ऐकलं का वं? तारबाबूपेक्षा चार मार्क जास्त!" दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत अख्ख्या वस्तीला ते माहीत झालं. भाजीवालीनेही मला विचारलं, "सतराच पडले म्हने बाबूजी?"

शनिवारी मी शाळेत जाऊ लागलो. बाई मला पुढच्या बेंचवर बसवत. घरचा अभ्यासही देत. मी तो कचेरीत खिडकी रिकामी असताना करायचो. सोमवारी मी पोरांना शिकवायचो आणि पोरं त्याच आठवड्यात वर्गात बाईंकडून तेच शिकून आली की छपरीत मला तपासून बघायची. माझ्या आणि बाईंच्या सांगण्यात फरक निघाला की एक पोरगा आनंदाने उड्या मारायचा. वर्षअखेरीस शेजारच्या पोरीला पस्तीस गुण मिळाले, तिघं ठीकठाक पास झाले आणि तो उड्या मारणारा पोरगा इंग्रजीतच गेला. त्याच्या घरी मी स्वतः जाऊन सांगितलं. मॅट्रिकचा अनुभव असल्यामुळे मला ते काम बरं जमलं. पुढल्या वर्षी तो निघाला.

पोरगी सातवीनंतर दुसऱ्या शाळेत गेली. दहावीच्या परीक्षेचा इंग्रजीचा पेपर झाला त्या दिवशी ती प्रश्नपत्रिका घेऊन माझ्याकडे आली आणि एका प्रश्नावर बोट ठेवून तिनं विचारलं, "सर, हे मी बरोबर लिवलं का?" मी वाचलं. मग तिला म्हणालो, "तूच सांग मले, याचा अर्थ काय?" तिनं उंबऱ्यात बसून मला पूर्ण पेपर समजावून सांगितला. निकाल चांगला लागला. पुढे गिरणीतलं काम कमी झालं आणि ते कुटुंब शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायला गेलं. मग भेटी तुटल्या.

छपरीतली शिकवणी मी आणखी काही वर्षं चालवली. बाईंची अट मी पाळत होतो. एकदा नवीन आलेल्या एका मुलाने विचारलं, "सर, 'शीप'चं अनेकवचन काय?" बाईंनी ते मला सांगितलेलं नव्हतं. मी म्हणालो, "माहीत नाही." संध्याकाळी त्याचा बाप आला. तो बाजारात अडत्या होता, बोलायला रोखठोक.

"पोट्टा सांगून राहिला का तुमाले येत नाई म्हून. खरं का?"

"हो. ते येत नाही."

"मंग शिकवता कायले?"

मी म्हणालो, "शनिवारी बाईंना विचारून येतो. सोमवारी सांगतो."

त्याने माझ्याकडे बघितलं, पोराकडे बघितलं आणि पोराचा हात धरून त्याला घेऊन गेला. मला कळलं की पलीकडच्या गल्लीत एक जण नुकतीच शिकवणी काढून बसला होता आणि त्याला सगळं येत होतं. आठवडाभरात माझ्याकडची आणखी दोन पोरं तिकडे गेली. तिघं राहिली. त्यांना मी सोमवारी 'शीप'चं अनेकवचन सांगितलं, 'शीप'च.